शंभरावे मेंढरू मोजले कोणी?



संत लूकच्या शुभवर्तमानातील हरवलेल्या मेंढराचा दाखला (लूक १५) आपल्या इतका परिचयाचा आहे, की त्यातील पहिली पायरी आपल्या नजरेतून निसटते. मेंढपाळ नव्याण्णव मेंढरे रानात सोडून एकाच्या शोधात निघाला, हे आपल्याला आठवते. पण एक कमी आहे हे त्याला कळले कसे? त्याने मोजली होती म्हणून. जे कोणी मोजलेच नाही, ते हरवले असे कोण म्हणणार?

२००६ सालच्या नोव्हेंबर महिन्यात दिल्लीलगतच्या नोएडा शहरातून एका मोठ्या संगणक कंपनीच्या अधिकाऱ्याच्या तीन वर्षांच्या मुलाचे अपहरण झाले. वृत्तवाहिन्यांनी दिवसरात्र ती बातमी दाखवली, पोलीस यंत्रणा धावली आणि काही दिवसांत मूल सुखरूप घरी आले. देवाचे आभार! त्याच शहरातील निठारी या वस्तीतून मात्र सुमारे दोन वर्षे लहान मुले नाहीशी होत होती. आईबाप मोलमजुरी आणि धुणीभांडी करणारे, बरेचसे बाहेरून पोटासाठी आलेले. ते पोलीस ठाण्यात गेले की, ‘पळून गेली असेल, येईल परत’, असे सांगून त्यांची बोळवण होई. एका बेपत्ता तरुणीचे वडील न्यायालयात गेले, तेव्हा कुठे गुन्हा नोंदला गेला. २९ डिसेंबर २००६ रोजी सेक्टर ३१ मधील एका बंगल्यामागच्या नाल्यात मानवी सांगाडे सापडले. मग कॅमेरे निठारीत आले. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने शेवटच्या खटल्यातही आरोपीला निर्दोष सोडले. म्हणजे त्या मुलांच्या मृत्यूबद्दल आज कायद्याने कोणीही दोषी नाही.

असे का घडते? ज्या घरात वाचक किंवा प्रेक्षक स्वतःला पाहू शकतो, त्या घरातील दुःख त्याला बातमी वाटते. शिवाय बातमीला चांगला फोटो लागतो, कॅमेऱ्यापुढे बोलू शकणारा नातेवाईक लागतो, ओळखीचा अधिकारी लागतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीय पत्रकार ग्वेन आयफिल यांनी २००४ साली तेथील प्रसारमाध्यमांच्या या सवयीला ‘हरवलेल्या गोऱ्या स्त्रीचा विकार’ असे उपरोधिक नाव दिले. आपल्याकडे कातडीच्या रंगाचे काम बहुधा घराचा पत्ता करतो.

कोणी म्हणेल, जवळच्याची काळजी अधिक वाटणे स्वाभाविकच नाही का? आहे. संत थॉमस अक्विनास शिकवतात की प्रेमालाही क्रम असतो. आपल्या माणसांवर अधिक प्रेम करणे हा दोष नव्हे. पण निठारी दूर कुठे होती? ती सेक्टर ३१ ला खेटूनच आहे. वस्तीतल्या बायका शेजारच्या बंगल्यांत रोज कामाला जात. दयाळू शोमरोनीच्या दाखल्यातील याजक आणि लेवीही त्याच वाटेने गेले होते, जखमी माणूस त्यांच्या पायाशी होता. (हा दाखला आम्हा धर्मगुरूंना जरा जास्तच टोचतो.) अंतर रस्त्याचे नव्हते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ‘शुभवर्तमानाचा आनंद’ या २०१३ सालच्या पत्रात हेच विचारले होते: बेघर म्हातारा थंडीने मरतो त्याची बातमी होत नाही, शेअर बाजार दोन अंकांनी घसरला की होते, हे कसे?

आरंभीच्या ख्रिस्तसभेतही ग्रीक बोलणाऱ्या विधवा रोजच्या वाटपात सुटत होत्या (प्रेषितांची कृत्ये ६). प्रेषितांनी ती कुरकुर झटकून टाकली नाही. त्या कामासाठी सात माणसे नेमली.

म्हणून थोडे कामाचे. मूल हरवल्याची तक्रार आली की अपहरण वा तस्करी गृहीत धरून गुन्हा नोंदवावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा १० मे २०१३ चा आदेश आहे. चोवीस तास थांबण्याचा कोणताही नियम नाही. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते, ती मागून घ्यावी. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाईचे किंवा वाडीतल्या मजुराचे मूल बेपत्ता झाले, तर तिला किंवा त्याला एकटे ठाण्यात पाठवू नये, कोणीतरी सोबत जावे. धर्मग्राम कार्यालयातही त्याच दिवशी कळवावे. मूल कोणत्याही धर्माचे असो, मिस्सानंतर घोषणा केली जाईल. फोटो नसला तरी चालेल. नाव, वय आणि अंगावरच्या कपड्यांचा रंग लिहून द्यावा.