ट्रेलरचे दिवे आणि अर्थचा दोष : बिघाड शोधण्याची पद्धत

आज आपण लॉरीला जोडलेल्या ट्रेलरच्या दिव्यांतला बिघाड कसा शोधायचा ते पाहू. लोटे औद्योगिक वसाहतीतून माल भरून निघालेली गाडी चिपळूणकडे जाताना परशुराम घाट उतरते. पावसाळ्याची रात्र, धुकं आणि ट्रेलरचे मागचे दिवे बंद! ताशी ६० किलोमीटरने मागून येणारं वाहन सेकंदाला जवळपास १७ मीटर पुढे सरकतं. ड्रायव्हरला ट्रेलर दिसून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला, तरी २५ मीटर संपले. म्हणून हे काम 'नुसता बल्ब बदलण्याचं' नाही.

आधी जोडणी समजून घ्या

मोठ्या लॉरीची वीज २४ व्होल्टची असते. पुढच्या गाडीतून, म्हणजे हॉर्समधून, ट्रेलरकडे वीज सात पिनांच्या सॉकेटने जाते. प्रचलित मांडणी अशी :

१ – अर्थ
२ – डावा टेल लॅम्प
३ – डावा इंडिकेटर
४ – ब्रेक लाईट
५ – उजवा इंडिकेटर
६ – उजवा टेल लॅम्प
७ – जादा जोडणी (गाडीनुसार वेगळी)

वायरच्या रंगावर मात्र विसंबू नका. जुन्या ट्रेलरवर ज्याला जी वायर मिळाली ती त्याने जोडलेली असते. पिनचा नंबर बघूनच काम करा.

आता नीट बघा. जायच्या वाटा पाच-सहा आहेत, पण परत यायची ठरलेली वाट एकच, पिन नंबर १. ती गंजली की सगळ्या दिव्यांवर परिणाम होतो.

लक्षणं ओळखा

एकच दिवा बंद असेल तर बल्ब, होल्डर किंवा त्याची वायर तपासा. एका सर्किटचे सगळे दिवे गेले तर फ्यूज, स्विच आणि ती पिन बघा. पण ब्रेक दाबल्यावर टेल लॅम्पही मंद पेटले, किंवा इंडिकेटर दिला की ब्रेक लाईट लुकलुकली, तर आधी अर्थचा संशय घ्या. परतीची वाट बंद झाली की वीज दुसऱ्या बल्बच्या फिलामेंटमधून उलटी वाट काढते.

कधी गाडी वळताना दिवे येतात-जातात. अशा वेळी अर्थची वायर तुटलेली असते आणि वीज किंगपिन व फिफ्थ व्हीलच्या लोखंडातून परतत असते. तिथे ग्रीस असतं, म्हणून तो संपर्क भरवशाचा नाही.

मीटर २४ दाखवतो, दिवा का पेटत नाही?

इथे बरेच जण फसतात. एक गणित करू. २४ व्होल्ट, २१ वॅटच्या पेटलेल्या बल्बचा रोध सुमारे २७ ओहम. समजा अर्थच्या गंजलेल्या जोडाचा रोध १० ओहम आहे. बल्ब काढून होल्डरवर मीटर लावला तर प्रवाह जवळपास वाहतच नाही, म्हणून मीटर पूर्ण २४ दाखवतो. बल्ब लावला की त्याला साधारण साडेसतरा व्होल्टच मिळतात. दोन्ही ब्रेक लाईट एकदम लागल्या तर जेमतेम १४! फिलामेंटचा रोध तापमानाप्रमाणे बदलतो, त्यामुळे आकडे थोडे इकडेतिकडे होतील. मुद्दा एवढाच : तपासणी लोडवरच करायची.

पायऱ्या

१. प्लग काढा. २४ व्होल्ट, २१ वॅटच्या बल्बचा टेस्ट लॅम्प घ्या. त्याचं एक टोक हॉर्सच्या सॉकेटमधल्या पिन १ ला आणि दुसरं एकेका पिनला लावा. त्या त्या वेळी टेल, ब्रेक, इंडिकेटर चालू करायला सोबत्याला सांगा. टेस्ट लॅम्पचं टोक चेसिसला लावू नका, नाहीतर अर्थचा दोष लपून जाईल.

२. लॅम्प सगळीकडे लख्ख पेटला तर हॉर्स ठीक. आता चांगली केबल लावून बघा. दिवे नीट लागले तर दोष जुन्या केबलचा. नाही लागले तर ट्रेलरवर या.

३. बॅटरीच्या मायनसला लांब वायर जोडून मागे आणा. दिवे चालू ठेवून त्या वायर आणि दिव्याच्या अर्थ टोकामध्ये व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर एकेक जोड पुढे सरकत मोजा. ज्या जोडाच्या अलीकडे-पलीकडे आकडा एकदम बदलतो, तोच दोषी.

४. जोड घासून स्वच्छ करा, घट्ट आवळा, पाणी शिरणार नाही असा बंद करा. कोकणातल्या पावसात नुसती टेप टिकत नाही.

हे कधीच करू नका

फ्यूज जातो म्हणून मोठा फ्यूज किंवा तार घालू नका. वायरिंग पेट घेईल. आणि तार चेसिसला घासून 'ठिणगी येते का' बघायची सवय सोडा. लोट्यात रसायनांचे टँकर येतात. ज्वलनशील मालाच्या टँकरपाशी, तो रिकामा असला तरी, एक ठिणगी पुरे. आत वाफ राहिलेली असते. असं वाहन आधी सुरक्षित जागी न्या आणि जबाबदार माणसाच्या परवानगीनेच हात लावा.

सरावासाठी प्रश्न

१. डावा इंडिकेटर दिल्यावर दोन्ही टेल लॅम्प लुकलुकतात. पहिली पिन कोणती तपासाल? का?
२. गंजलेल्या जोडाचा रोध ५ ओहम धरून एका बल्बला किती व्होल्ट मिळतील ते काढा.