विस्तव दाबण्याआधी

लाकूड थोडं लागावं आणि विस्तव रात्रभर राहावा, असं यवतमाळ जिल्ह्यात कोणाला वाटत नाही? 2016 साली उज्ज्वला योजना आली, सिलिंडर गावोगावी पोचलं. पण आंघोळीचं पाणी अजून बऱ्याच घरी सरपणावरच तापतं, कारण पाण्यासाठी गॅस जाळणं परवडत नाही. आणि सरपण काही आयतं येत नाही. पांढरकवडा-राळेगाव पट्ट्यात अवनी वाघीण फिरत होती तेव्हा, म्हणजे 2018 च्या नोव्हेंबरात ती मारली जाईपर्यंत, मोळीला रानात गेलेली बाई घरी येईस्तोवर घरच्यांच्या जिवाला घोर असे. असं आणलेलं लाकूड भडभडा जळून गेलं की जीव तुटतो. मग हात आपोआप हवेकडे जातो. खालचं तोंड बुजवा, वरचं झाकण सरकवा, विस्तव दाबा.

विस्तव दाबायला माझी ना नाही. तो कधी दाबायचा, कशात दाबायचा आणि कुठे मुळीच दाबायचा नाही, हे घरातल्या एका प्रसंगानंतर मी नीट समजून घेतलं. तेच इथे सांगते.

आमच्या दारव्ह्याकडच्या घरी तांब्याचा बंब आहे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: मधोमध उभी नळी, तिच्याभोवती पाणी, नळीच्या तळाला जाळी आणि जाळीखाली राख पडायला जागा. सरपण वरून नळीत सोडायचं. हवा खालून येते, धूर वरून जातो. रात्री निजण्याआधी बाभळीचं जाडसं लाकूड नळीत उभं करायचं, खालचं तोंड पत्र्याने बुजवायचं, वर झाकण अर्धं लोटायचं, अशी घरची जुनी रीत. पहाटे ऊन पाणी तयार. बंब मागच्या अंगणात होता तोवर या रितीने कोणाचं काही बिघडलं नाही. पुढे पक्की न्हाणी बांधली, फरशी बसली, लोखंडी दार आलं, आणि बंब अंगणातून आत गेला. रीत मात्र तीच राहिली.

जानेवारीतली पहाट होती. थंडी म्हणून न्हाणीच्या खिडकीत गोणपाट कोंबलेलं. धाकटे दीर बाजाराला निघायचे, म्हणून सगळ्यांच्या आधी आंघोळीला गेले. पाण्याचा आवाज थांबला तरी ते बाहेर येईनात. हाका मारल्या, उत्तर नाही. दोघांनी खांदा लावून दार उघडलं, तर ते भिंतीला टेकून बसलेले, अर्धवट शुद्धीत, ओकारी झालेली. आत धूर म्हणावा असा नव्हताच. अंगणात बाजेवर आणून टाकलं, गाडी करून दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लागला. दुपारून बोलू लागले तेव्हा म्हणाले, “समजून राहिलं होतं सगळं, वहिनी. कडी काढावी म्हणत होतो, पण पायच उचलत नव्हते.”

याचं कारण लाकडाच्या जळण्यातच आहे. लाकूड तापलं की त्याच्या वजनाचा तीन चतुर्थांश किंवा त्याहूनही जास्त भाग वायू होऊन बाहेर पडतो. आपण ज्याला जाळ म्हणतो तो हे वायू पेटल्याचा. त्यांना मोठी धग लागते आणि भरपूर हवाही. सुरुवातीलाच हवा दाबली, तर लाकूड तापत राहतं, वायू निघत राहतात, पण पेटत नाहीत. त्यांचाच धूर होतो. लाकूड उशिरा संपतं म्हणून ते वाचलं असं आपल्याला वाटतं, पण त्यातली बरीच उष्णता धुरावाटे निघून गेलेली असते.

जाळ ओसरून निखारे उरले की गोष्ट बदलते. निखाऱ्यांना धूर नसतो, हवा कमी केली तर ते सावकाश जळतात. पण अपुऱ्या हवेत त्यांच्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्याने डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून जास्त ओढीने चिकटतो. धूर माणसाला खोकवून बाहेर तरी काढतो. हा वायू जागच्या जागी बसवतो. म्हणून ‘धूर गेला म्हणजे धोका गेला’ हा हिशेब चुकीचा आहे. वणी-राजूरकडे दगडी कोळशाच्या शेगड्या पेटतात. शेगडी अंगणात पेटवायची आणि धूर ओसरला की हिवाळ्यात ती खोलीत आणून दार लावून घ्यायचं, हा तर या वायूला हाताने घरात आणण्याचा प्रकार झाला. लाल निखाऱ्यांची, धूर नसलेली शेगडी बंद खोलीत जास्त घातकी असते, कारण तिची भीती वाटत नाही.

बंबाची आणखी एक अडचण आहे. नळीभोवती पाणी असल्यामुळे तिचा पत्रा शंभर अंशांच्या फारसा वर जात नाही. दाबलेल्या आगीतला धूर त्या गार पत्र्याला लागून थिजतो आणि आत काळ्या, चिकट डांबराचा थर बसतो. थर वाढला की धुराची वाट अरुंद होते आणि पाण्याला धग कमी लागते. मग तेवढंच पाणी तापवायला जास्त लाकूड लागतं. म्हणजे काटकसरीसाठी हवा दाबावी आणि सरपण वाढावं, असा उलटा कारभार. मंद आग सांभाळण्यासाठी बंब घडवलेलाच नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की बंबात आग टिकवू नका, ऊन पाणी टिकवा. हिशेब सोपा आहे. 40 लिटर पाणी 20 अंशांवरून 50 अंशांवर न्यायला 1200 किलोकॅलरी लागतात. एक किलो वाळलेल्या लाकडात साधारण 4000 असतात. त्यातल्या निम्म्या वाया गेल्या तरी किलोभर लाकूड पुरून उरतं. रात्रभर ओंडका धुमसवण्याचं कामच नाही. बंबात आधी पाणी भरा. कोरडा पेटवला तर सांध्यांची झाळ सुटते. तळाची राख काढा, खालचं तोंड सताड उघडं ठेवा आणि वाळलेली तुराटी किंवा बारीक फाटे चांगल्या जाळावर जाळा. पाणी तापलं की विस्तव पुरता विझू द्या. निखारा एकही उरला नाही हे पाहून मगच नळीची दोन्ही तोंडं झाका, नाहीतर नळीतून वर जाणारी हवा पाण्याची ऊब घेऊन जाते. मग बंबाला गोणपाट नाहीतर जुनी गोधडी गुंडाळा. आणि बंबाची जागा न्हाणीबाहेर, पत्र्याखाली, मोकळ्यावर. पाणी बादलीने आत न्यावं. जागाच नसेल, तर विस्तव पूर्ण विझल्यावर, दार-खिडकी उघडून वारा खेळू दिल्यावर आंघोळीला जावं.

चुलीचं शास्त्र वेगळं. तिथे हवेचं तोंड बुजवण्यापेक्षा लाकूड मागे ओढणं बरं. जळती टोकं चुलीबाहेर सरकवली की जाळ लगेच कमी होतो आणि जो उरतो तो स्वच्छ जळतो. वरण शिजायला दोन लाकडं पुरत असतील तर तिसरं खुपसू नये. धूर दिसू लागला की समजावं, हवा कमी पडतेय किंवा लाकूड ओलं आहे. नुकत्या तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं, आणि एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे 540 किलोकॅलरी खर्ची पडतात. त्यामुळे सरपण उन्हाळ्यातच फोडून, हवा लागेल असं रचून, पावसाआधी आडोशाला न्यावं. बाभूळ, धावडा जड. त्यांचा निखारा टिकतो. पळस, सालई हलकी. पऱ्हाटी भुर्रकन जळते, ती पेटवणीला चांगली. मात्र पऱ्हाटीची गंज शेताच्या धुऱ्यावर वर्षभर राहू देऊ नका. तिच्या उरल्यासुरल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी तग धरते आणि पुढच्या कपाशीवर येते.

सावकाश, एकसारखा विस्तव हवाच असेल, उदाहरणार्थ गुरांसाठी आंबोण शिजवायला, तर भुशाची शेगडी करावी. डब्याच्या मधोमध बाटली उभी करून भोवती वाळला भुसा ठासायचा आणि बाटली अलगद काढून घ्यायची. डब्याला खालच्या बाजूने भोक असतं, त्यात लाकडाचं ढलपं मागेपुढे करून हवा कमी-जास्त करता येते. आरामशीनवर सागाचा भुसा मिळतो. ही शेगडी तासन्‌तास चालते, पण तीही उघड्यावरच.

थंड देशांत घर ऊबदार ठेवायला लोखंडी बंद शेगड्या असतात, हवा कमी-जास्त करायला दांडी असते, धूर धुराड्यातून बाहेर जातो. तिकडे राहणाऱ्या आपल्या लोकांनाही नियम हाच: आधी पूर्ण हवा, लाकूड चांगलं पेटल्यावरच दांडी थोडी थोडी सरकवायची, आणि जाळ नाचता राहील इतपत हवा ठेवायची. ती अगदी बंद केली तर धुराड्यात डांबर साचतं आणि एखाद्या दिवशी तेच पेट घेतं. तिकडे कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारं यंत्र घरात लावतात. ते जरूर लावावं.

आता लक्षणं. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, पायांतलं बळ जाणं, आणि हे सगळं विस्तवाजवळ असताना, उघड्यावर आलं की कमी होणारं. एकाच खोलीतल्या दोघा-तिघांना एकदम होत असेल तर शंकाच ठेवू नका. आधी माणसाला उघड्यावर आणा, दारं-खिडक्या उघडा, 108 ला फोन करा. वाचवायला जाणाऱ्यानेही आत रेंगाळू नये. करोनानंतर पुष्कळ घरांत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला आहे. त्याच्या आकड्यावर इथे विसंबू नका. हा वायू चिकटलेलं रक्तही त्या यंत्राला प्राणवायूने भरलेलं वाटतं, त्यामुळे माणूस बेशुद्ध होत असतानाही आकडा चांगला दिसू शकतो. दवाखान्यात गेल्यावर विस्तवाचं आधी सांगा, नाहीतर उलटी-चक्कर म्हणजे पित्त समजून वेळ जातो.

आमच्याकडे बंब पुन्हा अंगणात आला आहे, वर पत्रा टाकला आहे. पहाटेचं पाणी पूर्वीसारखं कडक नसतं, अंगाला सोसेल इतपत ऊन असतं. ज्याला त्याहून ऊन हवं, त्याने उठून मूठभर तुराटी जाळावी.