ग्रेनाडाचें निशाण व राज्यचिन्ह

श्रीखंडांत व पुरणांत घरोघर जायफळ घालतात. परंतु तेंच जायफळ एका देशाच्या राष्ट्रध्वजावर विराजमान आहे, ही गोष्ट आपल्यापैकीं फार थोड्यांस ठाऊक असेल. तो देश म्हणजे कॅरिबियन समुद्रांतील ग्रेनाडा. जवळचीं लहान बेटें धरूनहि त्याचें क्षेत्रफळ अवघें ३४४ चौरस किलोमीटर व लोकवस्ती सुमारें सव्वा लाख आहे. ह्या चिमुकल्या देशानें आपल्या निशाणावर तलवार किंवा गरुड न घालतां मसाल्याचें फळ कां घातलें, ह्याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

प्रथम थोडा इतिहास पाहूं. हें बेट मूळचें कॅरिब लोकांचें. १४९८ सालीं आपल्या तिसऱ्या सफरींत कोलंबसानें तें पाहिलें. सतराव्या शतकाच्या मध्यास फ्रेंचांनीं तेथें वसाहत केली व १७६३ सालीं तें इंग्रजांच्या हातीं गेलें. पुढें १७७९ ते १७८३ हीं चार वर्षें फ्रेंचांनीं तें पुन्हा घेतलें होतें. उंसाच्या मळ्यांत आफ्रिकेंतून आणलेल्या गुलामांस राबविण्यांत येई. १८३४ सालीं कायद्यानें गुलामगिरी बंद झाली. तेव्हां मजुरांची उणीव भरून काढण्यासाठीं १८५७ सालीं 'मेडस्टोन' नांवाच्या जहाजानें आपल्या देशांतील करारबद्ध मजूरहि तेथें उतरले. ७ फेब्रुवारी १९७४ रोजीं ग्रेनाडा स्वतंत्र झाला, आणि त्याच दिवशीं आजचें निशाण तेथें फडकूं लागलें.

निशाणाच्या चारी बाजूंस तांबडी किनार आहे. तीवर वर तीन व खालीं तीन असे सहा पिंवळे तारे असून मध्यभागीं तांबड्या वर्तुळांत सातवा तारा आहे. देशाचे सहा परगणे आणि कॅरियाकू व पेटिट मार्टिनिक हीं बेटें मिळून सात विभाग होतात. ते ह्या ताऱ्यांनीं दर्शविले आहेत. आंतील भाग कर्णरेषांनीं विभागलेला असून वरचा व खालचा त्रिकोण पिंवळा, आणि बाजूंचे दोन हिरवे आहेत. तांबडा रंग धैर्याचा, पिंवळा शहाणपणाचा व लोकांच्या प्रेमळपणाचा, आणि हिरवा शेतीचा द्योतक होय. काठीकडील हिरव्या त्रिकोणांत उकललेलें जायफळ आहे. पिकलेलें फळ पिंवळें असतें. तें उकललें म्हणजे आंत तांबडी जायपत्री दिसते, आणि झाड तर सदा हिरवें. सबंध निशाणाचे रंग जणूं ह्या एका फळांत एकवटले आहेत!

राज्यचिन्हांतील ढालीचे सोनेरी क्रुसानें चार भाग केले आहेत. दोन भागांत ब्रिटिशांचा सिंह, व दोहोंत चंद्रकोरीतून उमललेलें कमलिनीसारखें 'लिली' पुष्प आहे. मध्यावर कोलंबसाचें 'सांता मारिया' जहाज आहे. येथें चिकित्सक विद्यार्थ्यानें थोडें थांबावें. हें जहाज १४९२ सालच्या नाताळांतच हिस्पॅनिओला बेटाजवळ रुतून निकामी झालें होतें. अर्थात् १४९८ सालीं तें ग्रेनाडाच्या जवळपासहि आलें नव्हतें. चिन्ह हें चिन्ह असतें, इतिहासाचा पुरावा नव्हे, हा धडा यावरून घ्यावा.

ढालीच्या एका बाजूस मक्याच्या ताटाजवळ अंगावर कवच असलेला आर्मडिलो हा प्राणी, व दुसऱ्या बाजूस केळीजवळ ग्रेनाडा कवडा उभा आहे. हा पक्षी जगांत अन्यत्र कोठेंहि आढळत नाहीं, व तेथेंहि आतां तो अत्यंत दुर्मिळ झाला आहे. खालील ब्रीदवाक्याचा भावार्थ असा कीं, ईश्वराचें सदैव भान ठेवून आपण एकजुटीनें आकांक्षा धरूं, उभारणी करूं व पुढें जाऊं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. जायफळ ग्रेनाडाचें मूळचें नव्हे. त्याची जन्मभूमि पूर्वेकडील बांदा बेटें. एकोणिसाव्या शतकांत तें ग्रेनाडांत आलें व तेथील मातींत रुजलें. त्याची लागवड म्हणजे धीराची कसोटी. रोपास फळ धरण्यास सहा ते आठ वर्षें लागतात. झाड नर कीं मादी हें फूल आल्यावांचून समजत नाहीं. आणि पूर्ण बहर येण्यास सुमारें वीस वर्षें जातात. १९५५ सालीं 'जॅनेट' वादळानें ह्या बागांचा मोठा भाग उद्ध्वस्त केला. लोकांनीं पुन्हा रोपें लाविलीं. १९७४ सालीं निशाणावर जें जायफळ आलें, तें अशा रीतीनें दुसऱ्यांदा उभें केलेलें पीक होतें. पुढें सप्टेंबर २००४ मध्यें 'आयव्हन' वादळांत बहुतेक झाडें पुन्हा आडवीं झालीं. शेतांतील जायफळ गेलें, निशाणावरील मात्र राहिलें. आणि जे वयोवृद्ध शेतकरी पुन्हा खड्डे खणूं लागले, त्यांस त्या झाडांचा भर बहर आपण पाहूं अशी खात्री थोडीच होती!

सिंह दुसऱ्याकडून मिळाला, जहाज दुसऱ्याचें होतें. जायफळहि परक्या भूमींतून आलें, परंतु लोकांच्या घामानें तें त्यांचें स्वतःचें झालें. आमच्या मतें त्यास निशाणावर मिळालेलें स्थान ह्यामुळेंच सार्थ आहे. विद्यार्थ्यांनीं कोणत्याहि देशाचें निशाण पाहतांना केवळ रंग पाठ करूं नयेत. त्या रंगांमागें कोणाचे श्रम आहेत, हेंहि विचारावें.