दारचे सिमेंटचे हत्ती

आमच्या रत्नागिरीच्या घरी पायरीच्या दोन्ही अंगांना सिमेंटचे दोन हत्ती आहेत. डाव्या हत्तीच्या सोंडेवर रंगाखाली फोड आला होता. दाबला तर आतून पाणी आलं. त्याच पावसाळ्यात तिथला पोपडा सुटला आणि त्यासोबत सोंडेचा टवकाही. आतली सळई तांबडीलाल, पदर सुटलेली.

सिमेंटची मूर्ती दिसते घट्ट, पण ती पाणी पिते. ताज्या काँक्रीटमधला क्षार लोखंडाला गंजू देत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत झिरपू लागला की हा क्षार वर्षागणिक उतरत जातो. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत तर लोखंड फार लवकर गंजतं. गंजलेलं लोखंड फुगतं, मूळच्या दुपटीहून जास्त जागा मागतं आणि मूर्ती आतून फोडतं. कान, सोंड, शेपटी आधी जातात ती यामुळेच. तिथे सळईवर सिमेंटचा थर जेमतेम असतो. गंमत अशी की १८६७ साली लोखंडी जाळी घातलेल्या सिमेंटच्या कुंड्यांचं पेटंट घेणारा जोसेफ मोनिए हा फ्रेंच माळीच होता. म्हणजे बागेचं आणि सळईचं नातं जुनंच.

आमच्याकडे नडला तो ऑइलपेंट. तुळशीच्या लग्नाआधी वृंदावन रंगवायचं, त्याच डब्यातला रंग हत्तींनाही फासायचा, असा वर्षानुवर्षांचा रिवाज. पण कार्तिकात सिमेंट चार महिने पाणी पिऊन बसलेलं असतं. त्यावर चकचकीत थर बसला की आतल्या ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही. शिवाय सिमेंटमधला क्षार रंगातल्या तेलाचा चक्क साबण करतो, मग रंग सुटणारच. रंगारी जुन्या पोपड्यांवर नवा हात मारून जायचा आणि चकाकी बघून घरचे खूश! रंग हवाच असेल तर चुना किंवा सिमेंट पेंट लावा. सिमेंट पेंटला आधी मूर्ती ओली करावी लागते आणि नंतर दोन-तीन दिवस पाणी मारावं लागतं. रंगारी हे टाळतात, मागे उभं राहून करून घ्या.

शेवाळ काथ्याच्या ब्रशने आणि साध्या पाण्याने काढा. गाड्या धुण्याचा प्रेशर पंप नको. संडास धुण्याचं ॲसिड तर मुळीच नको. ते शेवाळाबरोबर सिमेंटही खातं, वाळू उघडी पडते आणि पुढच्या पावसात शेवाळ जास्तच जोमाने धरतं. पांढरा लोणा मात्र कोरडाच झाडायचा, धुतला तर विरघळून परत आत मुरतो. तो सारखा येत असेल तर ओल खालून चढते आहे असं समजा. मूर्ती मातीवर टेकवू नका, खाली कडप्प्याचे तुकडे देऊन हवा खेळती ठेवा.

पाणी झटकणारं पण आतली वाफ न अडवणारं सिलेन-सिलॉक्सेनचं द्रावण मिळतं. ते मे महिन्यात, मूर्ती खडखडीत वाळल्यावर लावा. पुढे कधी पाणी शिंपडल्याबरोबर मूर्ती काळपट होऊ लागली, तर पुन्हा लावायची वेळ झाली.

तडा दिसला की वरून सिमेंट लिंपून मोकळं होऊ नका, आत गंज चालूच राहतो. नाण्याने ठोकून पाहा. पोकळ वाजेल तेवढा भाग सळईच्या मागेपर्यंत फोडा, तारेच्या ब्रशने सळई चकचकीत होईपर्यंत घासा, तिला गंजरोधक प्रायमर द्या आणि मग लॅटेक्स घातलेल्या मसाल्याने भरा. वर गोणपाट गुंडाळून आठवडाभर ओलं ठेवा.

आणि सळई निम्म्याहून जास्त खाल्ली गेली असेल, तर डागडुजीच्या फंदात पडू नका. अशा हत्तींवर मुलं चढून बसतात. तसा हत्ती अंगणातून काढून टाका.