वीज जाते तेव्हा आधी पाणी जातं

प्रश्न : पावसाळ्यात वादळ झालं की झाडं पडतात आणि वीज तासन्‌तास येत नाही. मोठा इन्व्हर्टर घ्यावा का? – एक वाचक, भोपाळ

उत्तर : घ्या, पण नंतर. ऑगस्ट 2022 च्या वादळी पावसात भोपाळच्या अनेक वस्त्या बराच काळ अंधारात होत्या. अशा वेळी खरी अडचण दिव्यांची नसते, पाण्याची असते. नर्मदेचं पाणी पंपांनी चढवून शहरात आणावं लागतं आणि गच्चीवरच्या टाकीत ते तुमची मोटार चढवते. दोन्हीकडे वीज हवी. म्हणून आभाळ भरून आलं की आधी टाकी भरा. पिण्या-स्वयंपाकासाठी माणशी रोज निदान 4 लिटर धरून तीन दिवसांचं पाणी वेगळं झाकून ठेवा.

‘इन्व्हर्टरवर सगळं भागेल’ हा युक्तिवाद आकडेमोडीत टिकत नाही. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-अवरच्या बॅटरीत कागदावर 1800 वॉट-तास असतात. हाती लागतात साधारण 1200. पंच्याहत्तर वॉटचे दोन पंखे आणि दोन एलईडी दिवे ते सात तासांत संपवतात. मग दुसऱ्या रात्री काय? बीएलडीसी (ब्रशविरहित मोटारीचे) पंखे साध्या पंख्यांच्या निम्म्याहून कमी वीज खातात, त्यामुळे मोठ्या बॅटरीआधी ते बसवा. जनरेटर मात्र घरात किंवा बंद बाल्कनीत कधीच नको; त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. घरात कुणाचं इन्शुलिन असेल तर फ्रिज उगाच उघडू नका, बंद फ्रिज चारेक तास थंड राहतो. तुटलेल्या तारेजवळ न जाता वीज तक्रारीच्या 1912 या क्रमांकावर कळवा.