‘स्वतःच्या बोलीत’ म्हणजे कोणाच्या?

आमच्या घरी कोंकणी, चर्चमध्ये मराठी आणि कॉलेजात इंग्रजी. म्हणून असेल कदाचित, पण बौद्ध धर्माच्या सुरुवातीबद्दल वाचताना मी चार आर्यसत्यांपेक्षा भाषेच्या एका भांडणापाशीच जास्त अडकले.

ही गोष्ट विनयपिटकातल्या चुल्लवग्गात येते. यमेळु आणि तेकुल हे दोघे भाऊ भिक्षू झालेले, जन्माने ब्राह्मण, बोलणं सुरेख. त्यांनी बुद्धांकडे तक्रार केली की संघात नाना कुळांचे, नाना जातींचे लोक आलेत आणि ते स्वतःच्या बोलीत बुद्धवचन बिघडवतात. आम्ही ते छंदात बसवून देतो. ‘छंद’ म्हणजे इथे वेदांची संस्कृत भाषा, असं बरेच अभ्यासक मानतात. बुद्धांनी दोघांना खडसावलं आणि तसं करणं हा दोष ठरवला. वचन शिकायचं ते ‘सकाय निरुत्तिया’, म्हणजे स्वतःच्या बोलीत.

भावांची भीती खोटी नव्हती हं. तेव्हा लिहिलेलं काहीच नाही, सगळं पाठांतरावर. एक शब्द बदलला की अर्थ कसा घसरतो, हे भाषांतराचा पेपर दिलेल्या कुणालाही विचारा.

पण ‘स्वतःच्या’ म्हणजे कोणाच्या? पाचव्या शतकातला टीकाकार बुद्धघोष म्हणतो, बुद्धांच्या स्वतःच्या, म्हणजे मागधीत. थेरवादी परंपरेने ही मागधी म्हणजेच पाली मानली, आणि पाली पवित्र भाषा झाली. मला हा अर्थ पटत नाही. भावांच्या तक्रारीतही नेमके हेच दोन शब्द आहेत, आणि तिथे ते भिक्षूंच्या बोलीबद्दलच आहेत. मग उत्तरात त्यांचा अर्थ कसा बदलेल?

पुढे इ.स.पू. तिसऱ्या शतकात अशोकाने काय केलं ते बघा. त्याचे शिलालेख म्हणजे बुद्धवचन नव्हे, तो राजाचा आपला धम्म. पण भाषेची रीत तीच. पूर्वेकडच्या लेखांत ‘राजा’चा ‘लाजा’ होतो, गिरनारला ‘र’ टिकतो. शाहबाजगढीला लिपी खरोष्ठी, उजवीकडून डावीकडे. आणि कंदाहारला 1958 साली सापडलेला लेख तर ग्रीक आणि अरमाईकमध्ये! तिथे धम्मासाठी ग्रीक शब्द आहे ‘युसेबिया’, म्हणजे साधारण भक्तिभाव. त्यात धम्म किती मावला, कोण जाणे. यमेळु-तेकुल असते तर नक्की कुरकुरले असते.

हे सगळं मी आजीला सांगितलं. तिच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. लोकभाषा आली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962-65). मला वाटलं, ती बुद्धांची बाजू घेणार.

‘‘अर्थ कळायला लागला ते बरंच झालं गो,’’ ती म्हणाली. मग मटार सोलता सोलता ‘तांतुम एर्गो’ गुणगुणायला लागली. एकही शब्द न चुकता.