मधल्या फळीतील खेळाडू

मुलांनो, धरमपेठेतील एखाद्या पटांगणावर फुटबॉलचा सामना चालू असला, म्हणजे प्रेक्षकांचे डोळे गोल करणाऱ्याकडे लागलेले असतात. परंतु प्रतिस्पर्ध्याकडून चेंडू हिरावून तो पुढे पोहोचविणारा मधल्या फळीतील खेळाडू फारसा कुणाच्या ध्यानी राहत नाही. त्याला पुढची फळी पाहावी लागते, मागची सांभाळावी लागते. सगळा खेळ त्याच्या दृष्टीपुढे असतो. अशा खेळाडूंतून पुष्कळदा चांगले प्रशिक्षक निपजतात. खालिद जमील हे त्यांपैकी एक होत.

त्यांचा जन्म १९७७ साली कुवेत येथे झाला. आखाती युद्धाच्या सुमारास त्यांचे कुटुंब भारतात आले आणि मुंबई ही त्यांची कर्मभूमी झाली. महिंद्र युनायटेड व एअर इंडिया या संघांतून ते खेळले. राष्ट्रीय संघातही त्यांना स्थान मिळाले. परंतु दुखापतींनी त्यांचा पिच्छा पुरविला. ज्या पायांच्या बळावर नाव मिळविले, तेच साथ देईनासे झाले, तर माणसाने काय करावे? जमील यांनी मैदान सोडले नाही; केवळ आपली जागा बदलली. २००९ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते मुंबई एफ. सी. या संघाचे प्रशिक्षक झाले. त्यांच्या कारकिर्दीत या संघाला आय-लीगचे विजेतेपद लाभले नाही. तथापि त्या स्पर्धेतील आपले स्थान त्याने गमावलेही नाही.

२०१६ साली ते मिझोरामची राजधानी ऐजॉल येथील संघाकडे गेले. हा संघ आदल्याच हंगामात खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता. नंतर त्याला पुन्हा प्रवेश मिळाला. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँग येथे हंगामातील शेवटचा सामना झाला. विजेतेपदासाठी पराभव टाळणे पुरेसे होते. पण आरंभीच प्रतिस्पर्ध्यांनी गोल केला. ऐजॉलच्या खेळाडूंनी धीर सोडला नाही. उत्तरार्धात त्यांनी बरोबरी साधली आणि १८ सामन्यांत ३७ गुण मिळवून बलाढ्य मोहन बागानला एका गुणाने मागे टाकले. ईशान्य भारतातील संघाने आय-लीग जिंकण्याची ही पहिलीच वेळ होती.

१ ऑगस्ट २०२५ रोजी जमील यांची भारतीय संघाच्या प्रशिक्षकपदी नेमणूक झाली. सप्टेंबरात मध्य आशियाई संघांच्या स्पर्धेत भारताने ओमानला नमवून तिसरा क्रमांक मिळविला. ऑक्टोबरात मात्र सिंगापूरकडून हार पत्करावी लागली व आशिया चषकाची संधी हुकली. प्रशिक्षकाला यशाबरोबर अपयशाचाही भार उचलावा लागतो.

चेंडू स्वतःजवळ न ठेवता योग्य वेळी योग्य सोबत्याकडे देणे, हे मधल्या फळीतील खेळाडूचे काम. आपल्याजवळील विद्या पुढच्या पिढीच्या हाती देणे, हे गुरूचे काम. दोन्ही कामांचे मर्म एकच आहे.

स्वाध्याय
१. मधल्या फळीतील खेळाडूस कोणती कामे करावी लागतात?
२. ‘जमील यांनी मैदान सोडले नाही, केवळ आपली जागा बदलली,’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
३. ‘पिच्छा पुरविणे’ व ‘हार पत्करणे’ या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.